कॅमेरे आठ आणि चेहरा एकाचाही नाही

पत्र:

दादा, नमस्कार. आमचं कृषी सेवा केंद्र आहे, सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, मेन रोडला. दुकान बारा बाय तीस, पुढे काउंटर, मागे औषधांचे रॅक, आणि रस्त्याच्या पलीकडे दोनशे फुटांवर खताचं गोदाम. गेल्या सीझनपासून औषधाच्या बाटल्या कमी भरतायत, मोठ्या नाही, त्या साठ-शंभर मिलीच्या महागड्याच. एक माणूस चौदा वर्षांपासून कामाला आहे, दुसरा पोरगा दिवाळीनंतर लागलाय. कुणावर आळ घ्यायचा नाही पण झोप लागत नाही. तीन कोटेशन आलीत. एक, आठ कॅमेऱ्यांचा सेट, २ मेगापिक्सल, १ टीबी हार्डडिस्क, फिटिंगसकट २४,००० रुपये. दुसरं, चार आयपी कॅमेरे ५ मेगापिक्सल, २ टीबी, ३८,०००. तिसरं भाच्याने सांगितलंय, तीन वायफाय कॅमेरे, मेमरी कार्डवाले, ९,००० मध्ये काम खलास. सासरे म्हणतात सगळा पैशांचा चुराडा आहे, मुलगा पुण्यात आयटीत आहे तो म्हणतो मी इथून मोबाईलवर बघत जाईन. काय घेऊ? उद्या चोरी झालीच तर फुटेज पोलिसांत आणि कोर्टात चालतं का? आणि गोदामाला नुसता डमी कॅमेरा लावला तर भागेल का?

उत्तर:

ताई, नमस्कार. आधी बाटल्यांचं बोलू, कॅमेऱ्याचं नंतर, कारण तुमचा खरा प्रश्न बाटल्यांचा आहे आणि कॅमेरा त्याचं उत्तर एकट्याने देणार नाही.

बघा, खताचं पोतं हरवत नाही तुमचं. का नाही हरवत, तर युरिया असो की डीएपी, विक्री पॉस मशीनवर होते, शेतकऱ्याचा आधार लागतो, अंगठा लागतो, मशीनचा स्टॉक आणि गोदामाचा स्टॉक जुळला नाही तर तुम्हालाच कृषी खात्याला उत्तर द्यावं लागतं, म्हणून तुम्ही पोती मोजता. औषधाच्या बाटलीमागे असं कुणी लागलेलं नाही. ती साठ मिलीची बाटली शर्टाच्या खिशात मावते आणि रॅकवरून बाटली काढणं हे तर तुमच्या माणसाचं कामच आहे, दिवसातून शंभर वेळा तो हात वर करणार. आता सांगा, बारा तासांचं रेकॉर्डिंग बसून कोण बघणार? तुम्ही? मुलगा? पहिले चार दिवस बघाल हौसेने, मग कुणी बघत नाही, हे मी बऱ्याच वर्षांच्या फिटिंगच्या धंद्यात प्रत्येक दुकानात पाहिलंय.

फुटेज तेव्हाच कामाला येतं जेव्हा तुम्हाला तारीख आणि साधारण वेळ माहीत असते. म्हणून कॅमेऱ्याआधी एक शंभर पानी वही आणा. तुमच्याकडचे सगळ्यात महाग आणि सगळ्यात लहान असे वीस-पंचवीस आयटम निवडा, रोज शटर ओढायच्या आधी तेवढेच मोजायचे आणि बिलांशी ताळा करायचा, पंधरा मिनिटांचं काम. मंगळवारी संध्याकाळी एक बाटली कमी आली की मग फक्त मंगळवारचं आणि फक्त रॅकवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज फास्ट फॉरवर्ड करून बघायचं. वर्षाअखेरीला स्टॉक मोजून "तीस बाटल्या गेल्या" असं कळलं तर जगातला कुठलाही कॅमेरा काही करू शकत नाही, कारण तोवर ते रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवीन बसलेलं असतं.

आणि मोजायला लागलात की कदाचित दुसरंच काही निघेल, मन मोठं ठेवा. डिस्ट्रिब्युटरकडून आलेला बॉक्स उघडून मोजला जातो का? स्कीमची फुकट बाटली बिलात कशी धरलीय? ओळखीच्या शेतकऱ्याला "घेऊन जा, उद्या लिहितो" म्हणून दिलेली बाटली उधारीच्या वहीत खरंच उतरली का, आणि हे "उद्या लिहितो" म्हणणारे बऱ्याचदा मालकच असतात, म्हणजे तुमचे सासरेही असू शकतात, रागावू नका. मुदत संपलेला माल बाजूला काढला तो स्टॉकमधून वजा केला का? या चार छिद्रांतून जेवढा माल "चोरीला" जातो तेवढा खिशातून जात नाही.

बरं, आता कोटेशन.

आठ कॅमेऱ्यांचा सेट बघून बरं वाटतं, मॉनिटरवर आठ चौकोन दिसतात, दुकान मोठं झाल्यासारखं वाटतं. पण त्यात १ टीबीची डिस्क आहे. हिशोब सोपा आहे: कॅमेरा १ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने, रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला १०.८ जीबी जागा खातो. २ मेगापिक्सलचा कॅमेरा बऱ्यापैकी चित्र द्यायचं तर साधारण २ एमबीपीएस धरा, म्हणजे २१.६ जीबी. गुणिले आठ, रोजचे १७३ जीबी. तुमची १ टीबी सहा दिवसही पुरत नाही! सातव्या दिवशी पहिला दिवस पुसला. फिटिंगवाला म्हणेल "नाही ताई, महिनाभर राहतं", तर तो महिना येतो कुठून, तर तो हा वेग, म्हणजे बिटरेट, खाली ओढतो, फ्रेम कमी करतो, आणि चित्राची खिचडी होते. त्याऐवजी याच २ मेगापिक्सलचे चार कॅमेरे आणि २ टीबी घेतलं तर तेवीस दिवस मिळतात, रात्री फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्ड असं सेटिंग ठेवलं तर आणखी वाढतात. त्यामुळे कुठलंही कोटेशन आलं की पहिला प्रश्न मेगापिक्सलचा नको, "किती दिवसांचं रेकॉर्डिंग, कुठल्या बिटरेटला" हा विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. डिस्कही सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या, डब्ल्यूडीची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक, चोवीस तास लिहिण्यासाठी त्या बनवलेल्या असतात. जुन्या कॉम्प्युटरमधली काढून बसवतात काही जण, लेबल बघून घ्या.

आता यातली खरी मेख सांगतो, जी दुकानदाराला कुणी सांगत नाही. स्वस्त डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र डिस्कवर उतरवणारे डबे) बऱ्याचदा "१०८० एन" किंवा "१०८० पी लाईट" नावाच्या मोडवर रेकॉर्ड करतात. २ मेगापिक्सल म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके. "एन" म्हणजे ९६० बाय १०८०, रुंदी बरोबर निम्मी. कॅमेऱ्याच्या बॉक्सवर २ मेगापिक्सल लिहिलेलं खरंच असतं हो, खोटं नाही, पण डिस्कवर उतरतं ते अर्धं, आणि हे लाईव्ह बघताना कळत नाही, प्लेबॅकला कळतं.

यात माणूस ओळखू येणार का ते बघा. या धंद्यातलं आंतरराष्ट्रीय मानक असं आहे की अनोळखी माणसाचा चेहरा ठामपणे ओळखायचा तर त्या जागी एका मीटर रुंदीत २५० ठिपके पाहिजेत. ओळखीचा माणूस "हा आपला तोच" एवढं कळायला १२५ पुरतात, आणि नुसतं कुणीतरी आलंय हे कळायला २५. बाजारात सगळीकडे मिळणारा कॅमेरा २.८ एमएम लेन्सचा असतो, तो खूप रुंद बघतो, सगळं दुकान एका फ्रेममध्ये येतं म्हणून सगळ्यांना आवडतो. पण त्याचे ते २५० ठिपके जेमतेम दहा फुटांपर्यंत टिकतात. तुमचं दुकान तीस फूट खोल. मागच्या कोपऱ्यात कॅमेरा लावून दाराकडे बघितलं तर दारातल्या माणसाचा अख्खा चेहरा रुंदीला तेरा-चौदा ठिपक्यांत येणार, आणि "एन" मोड असेल तर सात. सात ठिपक्यांत चौदा वर्षांचा माणूस ओळखता येत नाही, चोर काय ओळखणार.

उपाय महाग नाही. तोच २ मेगापिक्सलचा कॅमेरा ६ एमएम लेन्समध्ये मागा. तो कमी रुंद बघतो पण लांबचं जवळ आणतो, वीस-पंचवीस फुटांवरचा चेहरा नीट देतो. किंमत जवळपास तीच. फिटिंगवाल्याकडे स्टॉकमध्ये नसतो म्हणून तो नको म्हणतो, एवढंच.

म्हणजे तुमच्या दुकानाला आत तीन आणि बाहेर एक असे चार पुरे. एक दाराकडे बघणारा, ६ एमएम. याला डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन आणि सावली एकाच चित्रात सांभाळणारी सोय, पाहिजेच, आणि खरा, डिजिटल नावाचा नको, कारण दुपारी शटरमधून बाहेरचं कडक ऊन येतं आणि आत येणारा प्रत्येक माणूस काळी सावली दिसतो, सोलापूरच्या उन्हात तर विचारायलाच नको. दुसरा काउंटरवर. तिसरा रॅकच्या बोळात, लांबीच्या दिशेने, आडवा नको. चौथा बाहेर, शटर आणि पायरी दिसेल असा.

काउंटरचा कॅमेरा मात्र छताला लावू नका!! सगळे तिथेच लावतात, वायर ओढायला सोपं पडतं म्हणून. दहा-अकरा फुटांवरून खाली बघितलं की काय दिसतं तर टोपी. आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणजे टोपी, उपरणं, हेल्मेट, नाहीतर उन्हाचं तोंडाला गुंडाळलेलं फडकं, वरून चेहरा येतच नाही. सात फुटांवर लावा, काउंटरमागच्या भिंतीवर, जिथे कॅलेंडर लावलेलं असतं ना बरोबर तिथे, गिऱ्हाईक बोलताना आपोआप तिकडे तोंड करतं. फक्त स्वाईप मशीनचे आकडे आणि लोकांच्या मोबाईलची स्क्रीन त्यात दिसणार नाही एवढा कोन फिरवा, कुणाचा पिन तुमच्या डिस्कवर कशाला हवाय. उलट तुमच्या क्यूआरचं स्टँड मात्र फ्रेममध्ये असू द्या, त्यावर रात्रीत दुसऱ्याचा क्यूआर चिकटवून जाणारे महाभाग आहेत.

आयपी की साधा? आयपी, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर चालणारा कॅमेरा, वाईट नाही, उलट चांगलाच, एकाच केबलमधून करंट आणि चित्र दोन्ही जातं, शंभर मीटरपर्यंत. पण तीस फुटांच्या दुकानात ३८,००० ची गरज मला दिसत नाही, आणि ५ मेगापिक्सल घेतलं की डिस्कही तेवढीच जास्त खाणार. मी तुमच्या जागी असतो तर साधे एचडी कॅमेरे चार, आठ चॅनेलचा एक्सव्हीआर (डीव्हीआरचाच प्रकार) जो पूर्ण १०८० पी रेकॉर्ड करतो आणि वर एक-दोन आयपी कॅमेरेही घेतो, आणि २ टीबी. पहिल्याच कोटेशनवाल्याला सांगा, कॅमेरे आठाचे चार कर आणि वाचलेल्या पैशांत डिस्क, लेन्स आणि वायर चांगली दे. वायर म्हणजे शुद्ध तांब्याची. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते, महिनाभर छान चालते, मग लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत बारा व्होल्ट पोचत नाहीत आणि रात्री कॅमेऱ्याची अंधारात बघायची आयआर लाईट लागली की चित्र जातं. कातरीने टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की परत करा.

भाच्याचे वायफाय कॅमेरे घराला ठीक. दुकानाला नको. कार्ड कॅमेऱ्यातच असतं, चोराने कॅमेरा उपटला की पुरावा त्याच्याच पिशवीत. डीव्हीआरचंही तेच आहे म्हणा, पेपरात रोज येतं की "चोरट्यांनी जाताना डीव्हीआरही पळवला", कारण डीव्हीआर काउंटरखाली लुकलुकत पडलेला असतो. तुमचा डीव्हीआर लोखंडी जाळीच्या कपाटात, कुलूप लावून, वरच्या बाजूला कुठेतरी ठेवा, हवा खेळली पाहिजे मात्र. आणि खताच्या पोत्यांपासून लांब. खताची धूळ आणि पावसाळी दमट हवा मिळून केबलच्या टोकाच्या बीएनसी पिनांना हिरवा गंज चढवते, तुमच्या धंद्यातल्या दुकानांत कॅमेरे बंद पडण्याचं हे एक नंबरचं कारण आहे, म्हणून प्रत्येक जोड जंक्शन बॉक्सच्या आत घ्यायला लावा, नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळलेली चालणार नाही.

लाईटचं काय? लाईट गेल्यावर डीव्हीआर, कॅमेऱ्यांचा सप्लाय आणि राऊटर, तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. राऊटर विसरतात सगळे.

आता गोदाम. तिथे डीव्हीआरपासून वायर न्यायची म्हणजे रस्त्यावरून ओढावी लागणार, आणि तुमच्याकडे गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या किती उंच भरून जातात हे मी तुम्हाला सांगायला नको, पहिल्याच आठवड्यात वायर उसासोबत कारखान्यात. शिवाय उघड्यावरची लांब केबल वळवाच्या विजांना आमंत्रण, वीज जवळपास पडली की त्या एका वायरीतून सगळा डीव्हीआर जळतो. त्यापेक्षा वायरलेस ब्रिज लावा, दोन छोटे डबे असतात, एक दुकानाच्या छतावर, एक गोदामावर, समोरासमोर, मध्ये झाड आलं नाही तर दोनशे फूट त्यांना काहीच नाही. गोदामावर एक आयपी कॅमेरा, तो थेट दुकानातल्या एक्सव्हीआरवर रेकॉर्ड होतो. सिमकार्डवाला कॅमेराही मिळतो, पण तो सतत चालू ठेवला तर वर सांगितलेले रोजचे २१ जीबी सिमवरून जाणार, कुठल्या पॅकात बसवाल? तो शेतातल्या विहिरीवर ठीक, जिथे दुसरा पर्यायच नाही.

मुलाला मोबाईलवर बघू द्या, जरूर. पण एक काम आजच करायचं. आपल्याकडे अर्ध्याअधिक दुकानांच्या डीव्हीआरचा अॅडमिन पासवर्ड मालकाला माहीतच नसतो, तो फिटिंगवाल्याच्या मोबाईलमध्ये असतो, आणि त्याने पंचवीस दुकानांना एकच ठेवलेला असतो. सेट बसला की त्याच्यासमोर पासवर्ड बदला, रिसेटसाठी तुमचा नंबर आणि तुमचा ईमेल घाला, त्याच्या मोबाईलमधून तुमचं दुकान काढायला लावा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. मुलाला वेगळा युजर बनवून द्या, फक्त बघण्यापुरता. डीव्हीआरवर चिकटवलेला क्यूआर स्टिकर काउंटरच्या दिशेने ठेवू नका. आणि कुणी राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट आत यायचा रस्ता, उघडून देतो म्हणाला तर नको म्हणा.

हे मी उगाच घाबरवत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभरातून गोळा केले आणि त्या फौजेने ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाईट काही तास आडव्या केल्या. ते लांबचं झालं. २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती हॉस्पिटलमधल्या तपासणीच्या खोलीचं फुटेज टेलिग्रामवर विकायला आलेलं निघालं, त्या बायकांनी काय करावं सांगा. मुळात तिथे कॅमेरा असायलाच नको होता हे वेगळंच.

सरकारनेही यात हात घातलाय, देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची सरकारी चाचणी एप्रिल २०२५ पासून सक्तीची झालीय. त्यामुळे "जुना माल आहे, स्वस्तात देतो" असं कुणी म्हटलं तर जरा थांबा, मॉडेल नंबर घ्या, त्या मॉडेलचं सर्टिफिकेट दाखव म्हणा. बॉक्सवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का आणि आर ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. मुलगा करेल दोन मिनिटांत.

आता कोर्टाचं. चालतं, पण नुसतं पेनड्राईव्हवर नेऊन दिलं की झालं असं नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम ६५ ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला त्यात ते कलम ६३ आहे. फुटेजची कॉपी द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने म्हणजे तुम्ही सही करायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे नंतर कुणी फाईलला हात लावला तर कळतं. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, तर आपल्याच जालन्याचं उदाहरण आहे, २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही हा खोतकर-गोरंट्याल वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवर आला, प्रमाणपत्राचा मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि जुलै २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की कॉपी द्यायची तर प्रमाणपत्र पाहिजेच. मूळ यंत्रच कोर्टापुढे आणून मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, पण डीव्हीआर उचलून कोर्टात कोण नेतंय.

तुमच्या बाजूने करायचं एवढंच: चोरी कळली की त्याच दिवशी त्या वेळेच्या मागचं-पुढचं धरून रेकॉर्डिंग दुसरीकडे कॉपी करा, डिस्कमधलं मूळ तसंच राहू द्या, आणि डीव्हीआरचं घड्याळ मोबाईलच्या घड्याळापेक्षा किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा. डीव्हीआरच्या आतला छोटा सेल संपला की दर वेळी लाईट गेल्यावर घड्याळ भलत्याच साली जातं, मग चोरी २०००च्या जानेवारीत झालेली दिसते आणि वकिलाला आयतं कोलीत मिळतं. आणि कृपा करून ते फुटेज गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "या चोराला ओळखा" म्हणून टाकू नका, माणूस चुकीचा निघाला तर केस उलटी तुमच्यावर.

आता तुम्ही न विचारलेलं एक. त्या दोघांना सांगूनच कॅमेरे लावा. चौदा वर्षांच्या माणसाला एक दिवस सकाळी आल्यावर डोक्यावर कॅमेरा दिसला आणि कुणी काही बोललं नाही, तर तो चोर नसला तरी मनाने गेलाच समजा. बसवायच्या आधी दोघांना बसवून चहा पाजा आणि सांगा की स्टॉक जुळत नाही, रोज मोजायचं ठरलंय, मोजणी तुम्हीच करायची आणि वहीवर सही तुमची, कॅमेरे आमच्यावरही आहेत. मोजायचं काम जुन्या माणसालाच द्या. तुमच्या पत्रात त्याच्याविरुद्ध एक ओळ नाहीये, नुसता संशयाचा वास आहे, आणि नवीन पोरगा दिवाळीनंतर लागला, बाटल्या तर तुम्हीच लिहिताय गेल्या सीझनपासून कमी पडतायत, तेव्हा त्याच्याकडेही बोट दाखवायची घाई नको. डबा खातात ती जागा, कपडे बदलतात तो कोपरा, मोरी, इथे कॅमेरा नाही म्हणजे नाही, त्यातलं काही तर थेट फौजदारी गुन्ह्यात जातं. माईकवाला कॅमेराही मी दुकानात लावत नाही, गिऱ्हाईक कर्जाचं, घरचं, काय काय बोलतं काउंटरला. दारावर "आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात" असा बोर्ड मोठ्या अक्षरात लावा, तो बोर्डच अर्धं काम करतो.

पैसे देताना शेवटचे पाच हजार हातात ठेवा. रात्री आठला दुकानातले लाईट बंद करायला लावा, फिटिंगवाल्याच्याच पोराला दारातून आत चालत यायला सांगा, रॅकवरून एक बाटली काढायला सांगा, आणि मग लाईव्ह नाही, प्लेबॅक लावून थांबवा. चेहरा ओळखू आला, बाटली काढणारा हात नीट दिसला, तर पैसे द्या. नाही आला तर कोन बदल म्हणा, लेन्स बदल म्हणा, तोवर चहा पीत बसा. बिल जीएसटीचं, त्यावर प्रत्येक कॅमेऱ्याचा सीरियल नंबर, वॉरंटी कुणाची, कंपनीची की दुकानाची, आणि पहिल्या वर्षाची सर्व्हिस फुकट की पैशाची, हे सगळं लिहून. वर्षाला एकदा तरी कुणाला तरी शिडीवर चढवून काचा पुसा, बाहेरच्या कॅमेऱ्यापुढे कोळी जाळं विणतो, आयआरच्या उजेडाला किडे येतात म्हणून, आणि रात्रभर कोळ्याचंच रेकॉर्डिंग होतं.

सासऱ्यांना सांगा, चुराडा हा शब्द आठ कॅमेऱ्यांच्या सेटला लागू आहे, त्यात ते बरोबर आहेत.

डमीचं म्हणाल तर नको. लाल लाईट लुकलुकणारा दोनशे रुपयांचा डमी गावातल्या पोरांना दोन दिवसांत कळतो, वायर नाही हे खालूनच दिसतं, आणि एकदा हा खोटा आहे हे कळलं की दुकानावरचे खरे चारही लोक खोटेच धरतात. गोदामाचा ब्रिज आणि कॅमेरा आत्ता बजेटमध्ये बसत नसेल तर पुढच्या सीझनला घ्या, तोवर त्या पैशांत गोदामाच्या शटरला सेंट्रल लॉक बसवा आणि दारावर एक चांगला एलईडी फ्लडलाईट लावा, रात्रभर चालू राहू द्या.